चुकीच्या आधीचा स्वर

नवीन चूक काढणं सोपं असतं. मुलाने स्वर वाचताना ओळ चुकवली, बोट भलत्या पट्टीवर पडलं, आपण दाखवून दिलं की पुढच्या आठवड्यात ती चूक गेलेली असते. माझा खरा वेळ जातो तो जुन्या चुकांवर. अख्खा पीस पाठ आहे, कित्येक महिने हातात बसला आहे, घरातल्या सगळ्यांना ऐकून ऐकून तो गुणगुणता येतो, आणि तरी दुसऱ्या ओळीच्या शेवटी उजवा हात त्याच ठिकाणी, त्याच चुकीच्या पट्टीवर पडतो. वाजवणाऱ्याला चूक कळलेली असते, बरोबर स्वर कुठला तेही ठाऊक असतं. विचारलं तर लगेच सांगेल. हात मात्र ऐकत नाही.

अशा वेळी विद्यार्थ्याच्या तोंडून हमखास येणारं वाक्य म्हणजे ‘मिस, घरी बरोबर येत होतं’. ते खोटं नसतं. घरी वीस वेळा वाजवलं असेल तर त्यातलं पाच-सहा वेळा बरोबर आलेलंच असतं, आणि लक्षात राहतं ते तेवढंच.

मी दादरला पियानो शिकवते. येणाऱ्यांत ग्रेडच्या परीक्षा देणारी शाळकरी मुलं जास्त, पण अलीकडे नोकरीतून निवृत्त झालेली मंडळीही येऊ लागली आहेत. मुलगा असो की आजोबा, एक पीस सगळ्यांना वाजवायचाच असतो, तो म्हणजे बेथोवेनचा ‘फ्यूर एलीझ’. बेथोवेनने तो १८१० च्या सुमारास लिहिला, पण त्याच्या हयातीत तो छापलाच गेला नाही. लुडविग नोल या अभ्यासकाला त्याचं हस्तलिखित सापडलं आणि १८६७ साली, बेथोवेन जाऊन चाळीस वर्षं झाल्यावर, तो लोकांसमोर आला. आपल्याकडे एका पिढीला ही धून मागे येणाऱ्या मोटारींच्या रिव्हर्स हॉर्नमधून माहीत झाली. म्हणजे पहिला धडा घ्यायच्या आधीच ती कानात पक्की असते. पण कानाला पाठ असलेली गोष्ट हातालाही पाठ आहे, असं वाटायला लागतं, आणि बऱ्याच चुकांना तिथूनच सुरुवात होते.

चूक झाली की विद्यार्थी काय करतो ते मी इतकी वर्षं पाहते आहे. तो थांबतो, ‘च्’ करतो, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. घरी आईही स्वयंपाकघरातून तेच सांगते, ‘परत पहिल्यापासून वाजव’. त्यामुळे पहिली ओळ दिवसातून कितीतरी वेळा वाजते आणि अवघड जागा तिच्या पावपटही वाजत नाही. शिवाय ती जेव्हा वाजते तेव्हा चुकूनच वाजते. अशा रीतीने चुकीचा स्वर, मग थांबणं, मग ‘च्’, मग उलट फिरणं, ही सगळी साखळीच घोटून पक्की होते. काही जण थांबत नाहीत, चुकीच्या पट्टीवरून घसरून पटकन बरोबर पट्टीवर येतात. त्यांना वाटतं आपण सावरलो. हात मात्र शिकलेला असतो की इथे दोन स्वर वाजवायचे असतात, आधी चुकीचा आणि मग बरोबर.

म्हणूनच ‘लक्ष देऊन वाजव’ हे मी विद्यार्थ्यांना सांगत नाही. जुनी चूक निष्काळजीपणाने होत नाही. ती मन लावून, रोज, रियाझ करून कमावलेली असते. हाताने ती नीट शिकून घेतली आहे, आणि जे शिकवलं गेलं ते तो इमानाने वाजवून दाखवतो आहे. हे एकदा समजलं की विद्यार्थ्याच्या मनातली शरम जाते, आणि काम शरम गेल्यावरच सुरू होतं.

ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात रॉबर्ट ड्यूक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रियाझावर केलेला एक छोटा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. चांगलं वाजवणाऱ्या १७ पियानो विद्यार्थ्यांना त्यांनी शोस्ताकोविचच्या पहिल्या पियानो कॉन्चेर्तोतला जेमतेम तीन बारांचा तुकडा दिला आणि हवा तेवढा वेळ बसवायला सांगितला. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाजवून घेतला. कोण किती वेळ बसलं, कोणी किती आवर्तनं केली, याचा दुसऱ्या दिवशीच्या वाजवण्याशी संबंध लागला नाही. संबंध लागला तो केलेल्या आवर्तनांपैकी किती बरोबर होती याच्याशी. सगळ्यांत वर आलेल्यांच्याही हातून सुरुवातीला चुका झाल्याच होत्या. पण चूक नेमकी कुठे आहे ते त्यांनी लगेच हेरलं, त्या जागेपाशी वेग उतरवला, आणि ती सुधारेपर्यंत पुढे गेले नाहीत. ‘दोन तास प्रॅक्टिस केली’ असं अभिमानाने सांगणाऱ्या पालकांना मी हा अभ्यास आवर्जून सांगते.

पण चूक नेमकी कुठे आहे हे हेरायचं कसं? माझ्या अनुभवात ती जिथे ऐकू येते तिथे क्वचितच असते.

माझ्याकडे एक काकू येतात. बँकेत अधिकारी होत्या. लहानपणापासून पेटी वाजवतात, भजनी मंडळाला साथ करतात, कान अतिशय तयार. पेटीवरून आलेल्यांचा उजवा हात लवकर रुळतो. पण डाव्या हाताने आयुष्यभर फक्त भाता ओढलेला असतो, त्याला स्वर कधी वाजवावेच लागलेले नसतात. काकूंनी ‘फ्यूर एलीझ’ची पहिली ओळ चिकाटीने बसवली. तिथे एकाच वाक्याला दोन शेवट आहेत. दोन्ही वेळा उजवा हात बी वाजवतो, त्याबरोबर डावा हात खालून ई, ई आणि जी शार्प असे तीन स्वर चढत येतो, आणि उजवा हात पुन्हा मधल्या ई वर उतरतो. इथपर्यंत दोन्ही वाटा सारख्या. पहिल्या वेळी पुढे जी शार्प, बी असं चढून सी वर जायचं, दुसऱ्या वेळी ई वरून एकदम वरच्या सी वर उडी घेऊन बी आणि ए असं खाली यायचं. काकूंचा दुसरा शेवट दर वेळी फसायचा. सी च्या जागी कधी बी लागायचा, कधी जी शार्प.

त्या म्हणायच्या, “अगं, सी आहे हे मला माहितीये गं. उजव्या हाताचीच काहीतरी खोड आहे.” घरी त्यांनी उजव्या हाताने ई-सी, ई-सी असं खूप घोटलं. सुटं वाजवलं की बिनचूक, ओळीत आलं की पुन्हा बी.

मी त्यांना तो बार अगदी ठाय लयीत वाजवायला सांगितला आणि आवाज ऐकायचं सोडून नुसते हात पाहत बसले. बी वाजवून झाल्यावर उजवा हात क्षणभर मोकळा असतो, कारण तेवढ्यात डावा आपले तीन स्वर वाजवत असतो. त्या क्षणी काकूंची मान डावीकडे वळायची, सगळा जीव डाव्या हातात जायचा आणि उजव्या हाताची मूठ नकळत मिटायची. मिटलेला तो हात तसाच ई वर उतरायचा. ई ते सी हे सहा पट्ट्यांचं अंतर आहे, त्याला पंजा आधीच उघडलेला हवा. मिटलेल्या हाताच्या आवाक्यात जी शार्प आणि बी एवढेच स्वर येत होते, म्हणून तेच वाजत होते. लोकलचा सांधा मागेच बदललेला असतो, आपल्याला कळतं ते गाडी भलत्या प्लॅटफॉर्मला लागल्यावर. चूक ऐकू येत होती उजव्या हातात. ती होत होती डाव्या हातापायी, तीन स्वर आधी.

मग उजव्या हाताला आम्ही हातच लावला नाही. काही आठवडे फक्त डावा हात, पानाकडे न पाहता, डोळे मिटूनही वाजवता येईल इतका. पियानो वाजवणाऱ्या बहुतेकांना आपला डावा हात एकटा, पाठ, वाजवता येत नाही. कुणालाही करून बघायला सांगा, मोठ्या ग्रेडचे विद्यार्थीसुद्धा चार बारांत थांबतात. तो सुटा आल्यावर आम्ही दोन हात एकत्र आणले, पण ई पाशी थांबायचं ठरवलं. डाव्याचे तीन स्वर, उजवा पंजा उघडून अंगठा ई वर आणि चौथं बोट सी वर नुसतं टेकवलेलं, आणि थांबा. वाजवायचं नाही. हात बरोबर आहे का ते बघायचं आणि उचलायचा. सी वाजवायची परवानगी मी बऱ्याच उशिरा दिली. काकू चिडल्याही. पण पंजा आधी उघडायला लागल्यावर सी वर मेहनत घ्यावीच लागली नाही.

तेव्हापासून कुठल्याही जुन्या चुकीत मी आधी हेच बघते की चुकीच्या अगोदरच्या दोन-तीन स्वरांत हात कुठे आहे, नजर कुठे आहे, श्वास धरला आहे का. काही मुलं अवघड जागा येणार म्हणून दोन बार आधीच श्वास रोखतात आणि त्यांचे खांदे वर चढतात.

याच पिसात पुढे एक जागा आहे जिथे ई सप्तकामागून सप्तक वर चढत जातो, आणि मग डी शार्प आणि ई यांची ये-जा सुरू होते. ती सुरुवातीपेक्षा लांब चालते. इथे सगळे वाहवत जातात. सातवीतला एक मुलगा ती ये-जा बोटं मोजल्यासारखी मनात मोजायचा आणि तरी कधी एक जोडी जास्त, कधी एक कमी. मोजूनही चुकतो याचा त्याला फार त्रास व्हायचा. त्याचं गणित बरोबर होतं, पण ताल सुटलेला होता. पीस तीन-आठच्या तालात आहे, आणि मूळ धून जिथे पुन्हा सुरू होते त्या बारचा पहिला स्वर ई असतो, अगदी पहिल्या पानावर असतो तसाच. हा मुलगा शाळेत तबला शिकलेला. त्याला मी म्हटलं, जोड्या मोजू नकोस, सम धर. त्याने डाव्या हाताने मांडीवर ताल धरून उजव्या हाताने ती जागा वाजवली. मग त्याला मोजावं लागलं नाही. तालात चूक असेल तर ती स्वरांत शोधून सापडत नाही.

मधल्या भागात उजव्या हाताला एकदम दुप्पट वेगाचे स्वर येतात. वरचा जी करंगळी पुन्हा पुन्हा वाजवते आणि अंगठ्याच्या बाजूने स्वर एकेक पायरी चढत जातात. या ओळीत घसरणाऱ्या बहुतेकांचा दोष त्या ओळीत नसतो. तो पहिल्या ओळीत असतो. धून ओळखीची, सोपी, म्हणून ती ऐटीत, जलद सुरू केलेली असते, आणि तो वेग या ओळीला झेपत नाही. मी सांगते, आधी ही ओळ मनात गुणगुण, ती जितकी आरामात गुणगुणता येईल तितक्याच लयीत पहिला स्वर वाजव.

कधी कधी दोष वाद्याचाही असतो, आणि तो ओळखायला शिकणं हेही शिक्षकाचं काम आहे. ‘फ्यूर एलीझ’च्या शेवटाकडे डाव्या हाताला खालचा ए सारखा सारखा, भराभर वाजवायचा असतो. एका मुलीचा तो ए पावसाळ्यात मधूनच गायब व्हायचा. ती बिचारी बोट बदलून, जोर लावून थकली होती. तिच्या घरी जुना अपराइट पियानो आहे. सेबास्तियन एरारने शोधलेली, १८२१ साली पेटंट झालेली जी दुहेरी सुटकेची रचना ग्रँड पियानोत असते, तिच्यामुळे पट्टी पुरती वर न येताही तोच स्वर पुन्हा वाजतो. साध्या अपराइटमध्ये ती सोय नाही, पट्टी जवळजवळ पूर्ण वर यावी लागते. त्यात मुंबईची हवा. जुलैमध्ये फेल्ट आणि लाकूड दमट होऊन फुगतं, पट्ट्या जड होतात, वर यायला वेळ लावतात. ट्यूनरने येऊन पट्ट्या मोकळ्या केल्या आणि निम्मी चूक तिथेच संपली. उरलेल्या निम्म्यासाठी तिला बोट पट्टीत दाबून न ठेवता हलकं वर घ्यायला शिकावं लागलं. याच्या उलटही होतं. घरी हलक्या पट्ट्यांच्या इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवर बसवलेला पीस परीक्षेच्या हॉलमध्ये खऱ्या पियानोवर ढासळतो, आणि मूल स्वतःला दोष देत घरी येतं.

सावकाश वाजवा, हे सगळेच सांगतात. अब्राम चेसिन्स या पियानोवादकाने लिहून ठेवलं आहे की तो थोर पियानोवादक रखमानिनोवकडे गेला तेव्हा आतून वाजवण्याचा आवाज येत होता, पण कुठला पीस चालू आहे हे त्याला बराच वेळ ओळखताच येईना. शोपँचा तिसऱ्या स्वरांच्या जोड्यांचा एतूद (तंत्राच्या सरावासाठी लिहिलेली रचना) रखमानिनोव इतक्या सावकाश घोटत होता. मला ही गोष्ट प्रिय आहे, पण तिचा अर्धाच भाग लोक घेतात. सावकाश वाजवताना बोटं वेगळी वापरली, मनगट वेगळं धरलं, तर जलद वाजवताना त्या रियाझाचा उपयोग शून्य. जलद वाजवताना जी बोटं लागणार तीच सावकाशीतही लागली पाहिजेत. म्हणून माझ्या विद्यार्थ्यांच्या पानांवर पेन्सिलीने बोटांचे आकडे लिहिलेले असतात, अंगठ्याला १ ते करंगळीला ५, आणि रोज वेगळं बोट वापरणाऱ्याला मी आधी एक बोटयोजना ठरवायला लावते. आज दुसरं, उद्या तिसरं बोट पडत असेल तर हाताने धरून ठेवायचं तरी काय?

फ्रेंच पियानोवादक आल्फ्रेड कोर्तोने शोपँच्या एतूदांच्या अभ्यास आवृत्त्या काढल्या आहेत. त्यांत तो अवघड ओळ जशीच्या तशी पुन्हा पुन्हा वाजवायला लावत नाही. तिच्यात अडचण कशाची आहे ते वेगळं काढतो आणि त्या अडचणीचेच लहान लहान पलटे करून देतो. जुन्या चुकीवर मला ठाऊक असलेला सगळ्यात चांगला उपाय हाच आहे. आणि ज्याने तो सांगितला त्या कोर्तोच्या स्वतःच्या ध्वनिमुद्रणांत चुकीचे स्वर सर्रास सापडतात, तरी लोक ती आजही जिवाचा कान करून ऐकतात. परीक्षेच्या आदल्या दिवशी रडवेल्या झालेल्या मुलांना मी ती ऐकवते.

एक गोष्ट मी विद्यार्थ्यांपासून लपवत नाही. जुनी चूक पुसली जात नाही. नवी सवय तिच्यापेक्षा बळकट होते, एवढंच. दमलेले असताना, अनोळखी पियानोवर, लोकांसमोर, जुनी सवय डोकं वर काढते. म्हणून पीस बसला की मी त्यात सात-आठ जागा ठरवते आणि विद्यार्थ्याला त्यांतल्या कुठूनही सुरू करता आलं पाहिजे असा आग्रह धरते. वर्गात मी पुस्तकावर बोट ठेवते, इथून. मग तिथून. शेवटून पहिली जागा, मग तिसरी. सुरुवातीला सगळ्यांना हे छळासारखं वाटतं. पण ज्याला कुठूनही सुरू करता येतं तो चुकल्यावर पहिल्या स्वराकडे धावत नाही, पुढची जागा धरतो आणि चालू लागतो.

यंदा सोसायटीच्या गणपतीत काकूंनी ‘फ्यूर एलीझ’ वाजवला. भाड्याने आणलेला डिजिटल पियानो, समोर खुर्च्यांवर शेजारी, मध्येच कुणाचा तरी फोन. तो सी बिनचूक आला, प्रत्येक वेळी. चुकल्या त्या वेगळ्याच ठिकाणी, क्रोमॅटिक स्वर भराभर उतरत मूळ धुनेला येऊन मिळतात तिथे. दोन स्वर गळले. त्या थांबल्या नाहीत. टाळ्या झाल्या, प्रसाद वाटला गेला, ही चूक कुणाच्याच लक्षात आली नाही.

पुढच्या वर्गाला त्या आल्या, पर्स ठेवली, आणि मी काही विचारायच्या आत पुस्तक उघडून त्या उतरत्या स्वरांवर नाही, त्याच्या वरच्या ओळीतल्या चढत्या आर्पेजियोवर बोट ठेवलं.

“घसरले मी तिथे खाली,” त्या म्हणाल्या, “पण गडबड इथे झाली बघ. वर पोचायच्या आधीच उजवा हात निघाला होता. हे डावा-उजवा वेगळं करूया का आज?”

आम्ही डाव्या हातापासून सुरुवात केली.